कंपनी लॅब देतेय, पण मागायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: हातकणंगले तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक शिक्षिका लिहितात की, जवळच्या एमआयडीसीतली एक मोठी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चातून, शाळेला 'स्टेम लॅब' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांची प्रयोगशाळा) द्यायला तयार आहे. दहा-बारा किलोमीटरवर पॉलिटेक्निक आहे, आजूबाजूला लहानमोठ्या फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशीनशॉप आहेत. मुख्याध्यापकांनी प्रस्ताव लिहायचं काम त्यांच्याकडे दिलं आहे. काय मागावं, कॉलेजला यात कसं ओढावं, आणि दोन वर्षांनी लॅबला कुलूप लागू नये म्हणून काय करावं?

मॅडम, सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण असं एक कुलूप माझ्या सहीने लागलेलं आहे.

मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. शाळा आणि कारखाने यांच्यात हेलपाटे घालायला लागून चौदा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी एका कंपनीने एका शाळेला लॅब दिली. रोबोटिक्सची किटं, थ्री-डी प्रिंटर, टॅब, भिंतीवर रंगवलेली ग्रहमाला. यादी पुरवठादाराने केली आणि तांत्रिक तपासणी म्हणून सही मी केली. यादीतली प्रत्येक वस्तू आली होती, त्यामुळे सही खोटी नव्हती. फक्त यादीत फिलामेंटचं, म्हणजे प्रिंटर ज्यातून वस्तू छापतो त्या प्लास्टिकच्या तारेचं, दुसरं रीळ नव्हतं, ती तार वितळून जिथून बाहेर पडते ते नोझल जादा नव्हतं, आणि बिघडलं तर कोण बघणार याबद्दल एक ओळ नव्हती. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडं राहिलेलं फिलामेंट ओल धरतं. मग छापताना तडतडतं, धागे सुटतात, शेवटी नोझल तुंबतं. ऑगस्टमध्ये प्रिंटर बसला. चार-पाचशे रुपयांचं काम होतं. पण त्यासाठी शाळेकडे पैशाचं हेड नव्हतं. यंत्र डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम मालमत्तेच्या वहीत, चढलेलं, त्यामुळे खोलायला हात कोणी लावेना; मोडलं तर भरून कोण देणार? कंपनीतल्या ज्या साहेबांनी हे मनावर घेतलं होतं त्यांची बदली झालेली. दिवाळीनंतर गेलो तेव्हा खोलीला कुलूप, किल्ली कपाटात, आणि दारावरची उद्घाटनाची पाटी मात्र लखलखीत.

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्यात लबाडी कोणाचीच नव्हती, गोम हिशेबाच्या पद्धतीत आहे. ती तुम्हाला कळली तर प्रस्ताव निम्मा लिहून झाला म्हणून समजा.

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त असतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. यातला 'खर्च' हा शब्द धरून ठेवा. प्रिंटर घेतला की बिल येतं, बिल खर्चात दाखवता येतं. पण कंपनीतला अनुभवी इंजिनियर महिन्यातले दोन शनिवार तुमच्या शाळेत येऊन बसला, तर त्याच्या वेळेची किंमत लावून ती सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याला कंपनीच्या वहीत रकानाच नाही. म्हणून वस्तू येतात, माणसं येत नाहीत. तुम्ही वस्तू घ्या, नाही म्हणू नका. पण माणसाचा वेळ वेगळा, स्पष्ट शब्दांत मागा. 'कंपनीने मार्गदर्शन करावे' असं मोघम लिहिलंत तर काही मिळणार नाही. 'क्वालिटी विभागातील एक व्यक्ती, महिन्यातून दोनदा, दोन तास, जुलै ते जानेवारी' असं लिहा. ती व्यक्ती मिळत नसेल तर लॅबची रक्कम कमी झाली तरी चालेल, पण माणूस द्या, असंही बोलून बघा. एकदा तरी बघा.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि शाळेचं सत्र जूनच्या मध्यात सुरू होतं. पैसे हलतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमक्या दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. मग घाईघाईत खोकी येतात आणि वार्षिक परीक्षा संपेपर्यंत कोणी ती उघडत नाही. यावर कायद्यातच वाट आहे. एकापेक्षा जास्त वर्षांचा 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी घेतली, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो आणि न वापरलेली रक्कम त्याच कामासाठी वेगळ्या खात्यात राखून ठेवावी लागते. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर 'तीन वर्षांचा प्रकल्प' असंच घाला. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबचा ढाचा बघा: शाळेला २० लाख, त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढची पाच वर्षं ती चालवायला. त्या लॅबही सगळ्या चालतात असं नाही, पण निम्मे पैसे चालवण्यासाठी ठेवायचा विचार पक्का आहे. कंपनीने १२ लाख म्हटले तर ६ लाखांची यंत्रं आणि ६ लाखांचा तीन वर्षांचा खर्च मागा: सुटे भाग, साहित्य, विजेचं बिल, मुलांच्या बसचं भाडं, आणि लॅब सांभाळणाऱ्या अर्धवेळ मुलीचं किंवा मुलाचं मानधन.

आणि हो, संस्थेच्या कार्यालयात आजच विचारून घ्या, तुमच्या संस्थेकडे सीएसआर नोंदणी क्रमांक आहे का. सीएसआरच्या पैशातून आलेली यंत्रं कंपनीच्या नावावर राहू शकत नाहीत. ती सरकारी यंत्रणेच्या किंवा असा क्रमांक असलेल्या विश्वस्त संस्थेच्या नावावर लागतात. हे शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं की सगळं पुढच्या मार्चवर जातं.

इथपर्यंत कागदाचं झालं. आता खरं मागणं काय असावं ते सांगतो.

कंपनीकडे, आणि त्याहून जास्त त्या लहान फौंड्रीवाल्यांकडे, त्यांची डोकेदुखी मागा. 'तुमच्याकडे असं काय आहे जे रोज मोजावं लागतं, आणि मोजायचं राहिलं की नुकसान होतं?' एवढा एकच प्रश्न घेऊन पाच मालकांकडे जा. कोल्हापूर भागात निदान तिघं तरी म्हणतील, वाळू.

लोखंड ओतायचे साचे ज्या वाळूचे करतात ती फौंड्रीची वाळू म्हणजे सिलिका वाळू, त्यात बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि पाणी. पाणी साधारण तीन ते चार टक्के. कमी झालं की साचा ढासळतो. जास्त झालं की त्यावर तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड ओतल्यावर पाण्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सोळाशे पट तरी जागा मागते, आणि बाहेर पडायला वाट नाही मिळाली तर लोखंडात अडकून बसते. तेच ते ब्लोहोल. वरून कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, गुळगुळीत दिसतं, पण मशीनवर लावून दोन कट घेतले की भोक उघडं पडतं. तोवर वीज, मजुरी, मशीनचा वेळ सगळं त्यात गेलेलं असतं. टक्केवारी, अवस्थांतर, घनता, उष्णता असं तुमचं आठवी-नववीचं अर्धं पुस्तक त्या एका भोकात आहे.

मुलांनी काय करायचं? ५० ग्रॅम वाळू मोजायची, १०५ ते ११० अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायची, पुन्हा मोजायची. ४८.२ ग्रॅम भरली तर १.८ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे ३.६ टक्के. गणित पाचवीचं आहे. पण एका शाळेत आम्ही पाच गटांना एकाच डब्यातली वाळू दिली आणि उत्तरं आली ३.४, ३.६, ३.८, ४.० आणि ५.६. काटा ०.१ ग्रॅमचा, म्हणजे एका आकड्याची चूक झाली की टक्केवारीत ०.२ चा फरक पडतो. पहिल्या चार उत्तरांची संगती त्यातून लागली. वहीत पाठ केलेला लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणाने मोजता येणारं सर्वात लहान माप, त्या दिवशी पहिल्यांदा मुलांच्या कामाला आला. पण ५.६ चं काय? बाकीची मुलं म्हणाली, त्यांचं चुकलं, खोडून टाका. त्या गटातली एक मुलगी मात्र हटून बसली. म्हणाली, 'सर, आम्ही तीनदा मोजलंय.' मग तिनेच सांगितलं की त्यांची शेगडी मोठी होती आणि वाळवताना धुराचा वास येत होता. तिथेच गाठ सुटली. तवा फार तापल्यामुळे नुसतं पाणी नाही, कोळशाच्या भुकटीतला जळण्याजोगा भागही उडून गेला होता. वजन खरंच तेवढं घटलं होतं, पण घटलेलं सगळं पाणी नव्हतं. मापन बरोबर, निष्कर्ष चूक. हे मी डिप्लोमाच्या मुलांना फळ्यावर वर्षानुवर्षं सांगत आलोय, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला काही उमटलेलं दिसलेलं नाही.

यानंतरची गंमत वेगळीच होती. ज्या फौंड्रीची वाळू होती तिथे एक जुने मोल्डर (साचे करणारे कारागीर) आहेत. ते मूठभर वाळू दाबतात, गोळा मोडतात, मोडलेली कड बघतात आणि म्हणतात, 'पानी जास्त झालंय.' मुलांनी ठरवलं की त्यांचा अंदाज आधी लिहून घ्यायचा आणि मग मोजायचं. वीस नमुने झाले. आलेख काढला तेव्हा त्यांचा अंदाज बहुतेक वेळा अर्ध्या टक्क्याच्या आत होता. चुकला तो पाऊसपाण्याच्या सकाळी, आणि प्रत्येक वेळी जास्तीकडे. हवाच दमट असली की हाताला वाळू आहे त्याहून ओली वाटते, असा तर्क त्यांनीच मांडला. पुढच्या आठवड्यात ते पांढरा शर्ट घालून शाळेत आले आणि मुलांना मूठ कशी दाबायची ते शिकवून गेले. त्या दिवशी वर्गात जेवढा गलका होता तेवढा कुठल्याही पाहुण्या वक्त्याच्या भाषणाला मी ऐकलेला नाही.

या सगळ्याला लागलं काय? दीड-दोन हजारांचा काटा, शेगडी, तापमापक, डबे. लॅब नको असं मी म्हणत नाही. पण लॅब कशासाठी हे आधी ठरलं की यादी आपोआप लहान आणि नेमकी होते.

आता कॉलेज. शाळा आणि कारखाना थेट जोडायला जाल तर जमत नाही, याचं कारण साधं आहे. इंजिनियर येतो तो चाळीस स्लाइड घेऊन, 'इंडस्ट्री ४.०' वर बोलतो आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. मालकाला नववीच्या मुलाशी काय बोलावं कळत नाही, शिक्षकाला मालकाची भाषा कळत नाही. मधली बिजागरी म्हणजे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची मुलं. ती काल-परवा शाळेत होती, आणि वर्षभरात कारखान्यात असतील. त्यांना शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा असतोच. बऱ्याचदा तो कुठूनतरी विकत आणलेला, दरवर्षी रंग बदलून मांडलेला असतो. आम्ही मास्तर लोक हे जाणून असतो आणि गुणही देतो. त्यापेक्षा त्यांना सांगा, वाळूची ओल मोजणारं स्वस्त यंत्र करा: एक तापणारा दिवा, लोड सेल (वजनाचा विजेचा संकेत करणारा भाग), आर्डुइनो (कोड घालून चालवायचं छोटं सर्किट), आणि वजन घटायचं थांबलं की शिट्टी. वापरून बघणार तुमची नववी, आणि चाललं तर फौंड्री ठेवून घेणार. आमच्या एका गटाने हे केलं. शाळेत दाखवताना सहावीतल्या एका पोराने विचारलं, 'ताई, वजन झालं हे विजेला कसं कळतं?' तोवर गटातल्या त्या मुलीने लोड सेल बाजारातून आणून, तारा जोडून, कोड उतरवून चालवला होता. उत्तर तिला येत नव्हतं. पुढच्या शनिवारी ती लाकडी पट्टी, रबर आणि मल्टीमीटर घेऊन आली, वाकलेल्या पट्टीवर तार ताणली जाते आणि ताणलेल्या तारेचा रोध वाढतो ते दाखवायला. तोंडी परीक्षेत तिला मी काही विचारलंच नाही.

कॉलेजकडे जाताना प्राचार्यांच्या केबिनला सामंजस्य कराराचा कागद घेऊन जाऊ नका. असे करार आमच्याकडे फायलींनी पडलेत. मूल्यांकनाची समिती आली की धूळ झटकून टेबलावर येतात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, प्रकल्पांचे विषय ठरायच्या आधी, थेट विभागप्रमुखांना भेटा आणि तीन तयार विषय पुढे ठेवा. ऑगस्टमध्ये गेलात तर विषय वाटून झालेले असतात आणि सगळे तुम्हाला चहा पाजून पाठवतात.

हा मेळ आपल्या राज्यात नवा नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमाने तो १९८३ पासून करून दाखवला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी गावात गेले. त्यांच्या 'मूलभूत तंत्रज्ञान' या विषयात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात: वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्न, आरोग्य. राज्याच्या बोर्डानेही तो मान्य केला. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, मुलं गावातल्या खऱ्या गिऱ्हाईकाचं खरं काम करतात. दार नीट बसलं नाही तर घरवाली बोलते. तो धाक परीक्षेच्या धाकापेक्षा चांगला. शक्य असेल तर एक दिवस तुमच्या दोन सहकाऱ्यांना घेऊन पाबळला जाऊन या. वीस प्रस्ताव वाचण्यापेक्षा ते बरं.

पण एक फरक पक्का ठेवा. मुलांनी मोजायचं, बघायचं, विचारायचं. फौंड्रीचं काम करायचं नाही. चौदा वर्षांखालच्यांना कामाला लावणं कायद्यानेच बंद आहे आणि अठराच्या आतल्यांना धोक्याच्या जागी. ओतकामाच्या वेळी भट्टीजवळ नेऊच नका, वाळूचा नमुना शाळेत आणता येतो. मी एका मालकाशी याच मुद्द्यावर संबंध तोडले आहेत. 'पोरं हुशार आहेत, सुट्टीत फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) पाठवा' म्हणाले होते.

पालकांचं म्हणणंही ऐकून ठेवा, ते येणारच. 'आमची पोरं फौंड्रीत जाऊ नयेत म्हणून तर शाळेत घातलीत.' हे ऐकून मी पूर्वी श्रमप्रतिष्ठेवर बोलायचो. आता बोलत नाही. ज्या बापाने तीस वर्षं ती धूळ खाल्ली त्याला प्रतिष्ठा मी काय सांगणार? मी वही दाखवतो आणि म्हणतो, हिला मोजता येतं. मुलींच्या बाबतीत तर आणखी साध्या गोष्टींवर अडतं. कारखान्यात बायकांचं स्वच्छतागृह आहे का, परत किती वाजता, बरोबर कोण बाई आहेत. भेट ठरवायच्या आधी ही तीन उत्तरं तयार ठेवा, म्हणजे निम्म्या मुली गळत नाहीत.

राहता राहिला मोजमापाचा मुद्दा. कंपनी 'लाभार्थी' विचारेल, आणि तुम्हाला मोह होईल शाळेचा सगळा पट लिहायचा. लिहू नका. हजार मुलं दाखवलीत तर वर्षातून एकदा रांगेने लॅब बघून जातील, एवढंच होईल. नववीची तीस मुलं, वर्षभर, दर शनिवारी, असं लिहा. दहावी यात ओढू नका, बोर्डाचं वर्ष आहे, ऑक्टोबरनंतर कोणी फिरकत नाही. आणि शिक्षक दोन ठेवा. एकाला निवडणुकीचं काम लागतं, प्रशिक्षण लागतं, आणि लॅब तेवढ्या महिन्यात जी बंद पडते ती उघडत नाही. किल्ली कपाटात नको, मुलांपैकी दोघांकडे असू दे. हरवतील म्हणाल तर हरवू देत, दुसरी करून घ्या.

प्रस्ताव लगेच लिहायला बसू नका. या शनिवारी तीन-चार मुलं घेऊन जवळच्या लहान फौंड्रीत जा, मोठ्या कंपनीत नको. तिथे गेट पास करण्यातच दुपार जाईल. मालकाला सांगा, अर्धा किलो वाळू हवी आहे आणि आज सकाळी ओल किती होती तो त्यांचा आकडा हवा आहे. जाताना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्या. कागदात बांधून आणलीत तर शाळेत पोचेपर्यंत ओल उडून जाते आणि आकडा काही केल्या जुळत नाही. आमची पहिली खेप तशीच वाया गेली होती.